मोटर बिझी लागते

तुमच्या मोबाइलचा प्लॅन चुकलेला आहे. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही, पण एवढं खात्रीने सांगतो. माणूस प्लॅन घेताना स्वतःची गरज बघत नाही, शेजारी कितीचा मारतो ते बघतो. शेजाऱ्याने रोज दोन जीबीचा मारला की हाही दोन जीबीचा मारतो, आणि न वापरलेला डेटा रोज मध्यरात्री गपचूप मरतो. कुणी हळहळत नाही. दूध नासलं तर घरात दिवसभर बोलणी बसतात. उरलेली भाकरी गुरांना जाते. डेटा उरला तर त्याला कुत्रंसुद्धा हुंगत नाही.

मला हे बघवत नाही. मी लोटन पाटील. शहादा तालुक्यात, तापीच्या काठाला आमचं गाव. ऊस आणि केळी करतो. गावात मला तोंडावर हिशेबी म्हणतात. पाठीमागे जे म्हणतात तो शब्द मला ठाऊक आहे, आणि म्हणणारेही.

माझी इंटरनेटची गरज मी एकदा बसून काढली. केळीचा भाव, पावसाचा अंदाज, आणि समाजाच्या ग्रुपवर कोण वारलं. संपलं. एवढ्यासाठी रोज दोन जीबी म्हणजे चिमणीला पाणी पाजायला टँकर बोलावणं. बाकीचा डेटा 'शुभ सकाळ'वाले खातात. गुलाब, गुलाबावर दवाचा थेंब, आणि खाली लिहिलेलं, 'वेळ अमूल्य आहे.' ज्यांच्या अंगणात दुपारी खाट पडलेली असते, ते सकाळी मला वेळेचं महत्त्व सांगतात. मी फोटो आपोआप उतरणं बंद करून टाकलं. तेव्हापासून सगळ्यांचे गुलाब मला धूसर दिसतात, आणि मी अंदाजाने हात जोडतो.

आता आमच्या घरातले मोबाइल नंबर मोजा. एक माझा. एक माझ्या बायकोचा, प्रमिलाबाईचा. एक मुलीचा, मयूरीचा. आणि एक मोटरचा.

हो, मोटरला नंबर आहे. नदीवर माझी पाण्याची मोटर आहे. तिच्या स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड घालायची सोय असते. घरी खाटेवर बसून त्या नंबरला फोन लावायचा, की तिकडे नदीवर मोटर सुरू. पुन्हा लावला की बंद. वर पेटीतली बाई बोलून सांगते, "मोटर सुरू झाली आहे. धन्यवाद." किंवा, "मोटर बंद झाली आहे. धन्यवाद." लाइट नसली तर, "वीज नाही. धन्यवाद." आणि फोन ठेवून देते. महागाच्या पेट्या फक्त मालकाचा नंबर ओळखतात. मी साधी घेतली होती. तिला कुणाचाही फोन चालतो. नदीवरच्या मोटरला माझ्याशिवाय कोण फोन करणार, असा माझा विचार होता. विचारात चूक नव्हती. चूक पुढे झाली.

आमच्या जुन्या कंपनीत थोड्या डेटाचा प्लॅनच नव्हता. रोजचा ढीग घ्या नाहीतर जा. म्हणून मी गेलो. शहाद्याला नमनचं मोबाइलचं दुकान आहे. हा भीकमचंदशेठचा मुलगा. बापाने मीटरने कापड विकलं, मुलगा जीबीने हवा विकतो. कापड निदान ओढून बघता यायचं.

"नमन, असा प्लॅन दे," मी म्हटलं, "की डेटा थोडा, पण रोज मरायचा नाही. महिनाभर पुरवून पुरवून खाता आला पाहिजे."

"काका, तुम्ही डेटा मागताय की लोणचं?"

"आहे का नाही ते सांग."

"दुसऱ्या कंपनीत आहे. नंबर तोच राहील, कार्ड नवं येईल. आणि काका, थोडा जास्तीचा घ्या ना. व्हिडिओ बघाल."

"कसले व्हिडिओ?"

"कॉमेडी, भजन, काहीही."

"गावात दोन्ही फुकट आहे. आणि दुसरं कार्ड मोटरसाठी. तिला डेटा नको. नुसता बोलायचा प्लॅन."

"मोटरला भजन नको?" नमन म्हणाला, आणि गल्ल्यावर बसलेले भीकमचंदशेठ माळ ओढता ओढता हसले. गिऱ्हाइकाला हसायचं पण बिल द्यायच्या आधी नाही, हा व्यापाराचा नियम बापाने जन्मभर पाळला होता, मुलाने तो त्याच्याकडूनही मोडवून घेतला.

नमनने दोन कार्डं दोन पाकिटांत घातली आणि पेन उघडलं. "थांबा काका, कुठलं कशाचं ते लिहून देतो."

"आण इकडे," मी म्हटलं. मी वर्षानुवर्षं शेताचा हिशेब लिहितो. 'खत' लिहायचं असेल तिथे 'ख.' लिहितो, 'मजुरी'ला 'म.' पुरतो. पूर्ण शब्द लिहिणं हे शिक्षकांचं काम, त्यांना त्याचा पगार मिळतो. मोटरच्या कार्डाच्या पाकिटावर मी लिहिलं, 'मो.' दुसऱ्यावर काहीच लिहिलं नाही. दोघांतलं एक कळलं की दुसरं आपोआप कळतं.

जुनी कार्डं बंद पडायला काही दिवस गेले. ती एका सकाळी बंद पडली. मी पाकिटं काढली. एकावर माझ्याच अक्षरात 'मो.'

मो. म्हणजे मोबाइल. मी ते कार्ड माझ्या मोबाइलमध्ये घातलं. बिननावाचं घेऊन नदीवर गेलो आणि मोटरच्या पेटीत घातलं.

तुमच्या लक्षात आलं. माझ्या यायला वेळ लागला. मोटरचा नंबर माझ्या खिशात आला आणि माझा नंबर नदीवर गेला, आणि मी घरी येऊन समाधानाने चहा प्यालो.

आता त्याच आठवड्यात आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, कार्डं बदलली तर काय मोठं आभाळ कोसळलं.

मयूरीला बघायला सुरतेचे पाहुणे येऊन गेले होते. मुलाचे वडील अमृतभाई आमच्याच समाजाचे, पण त्यांच्या वडिलांनीच शेती सोडली आणि सुरतेत कापडाची दलाली धरली. मुलगा रंगाच्या कारखान्यात इंजिनिअर. बोलणं मोजकं, नजर खाली, पोहे पहिल्यांदा दिले तेवढेच. मुलगा मला पटला. मयूरीला पटला की नाही हे तिला विचारायची हिंमत मला झाली नाही, पण पाहुणे गेल्यावर तिने आपण होऊन कपबश्या धुतल्या, त्या पुसून मांडल्या, आणि मांडताना काहीतरी गुणगुणत होती. बापाने यावरून काय समजायचं ते मी समजलो.

निघताना अमृतभाई म्हणाले होते, "लोटनभाई, आम्हाला काही नको. नारळ आणि मुलगी. घरात एकदा बोलतो आणि फोन करतो. तोवर मुलामुलीने आपसात फोन करायचा नाही, ही आमच्याकडची रीत."

म्हणजे सगळं त्या एका फोनवर होतं. आणि तो फोन जिथे यायचा तो नंबर आता तापीच्या काठाला, लोखंडी पेटीत, सरड्यांच्या सोबतीने राहत होता.

इकडे माझं मात्र झकास चाललं होतं. नवा प्लॅन माझ्या अपेक्षेहून सरस निघाला. कर्ज घ्या म्हणणाऱ्या पोरींचे फोन बंद. विमावाले बंद. समाजाच्या कार्यक्रमाला वर्गणी मागणारे बंद. फोन इतका शांत की मला मधूनमधून तो उघडून बघावा लागे. आणि डेटा? एक कणही खर्च होत नव्हता. इंटरनेट चालतच नव्हतं. मी म्हटलं, बैल लहान घेतला तर गाडी हळूच चालणार. थोड्या डेटाचा प्लॅन आहे, थोडाच चालेल.

"अमृतभाईंचा फोन?" प्रमिलाबाई रोज विचारायची.

"नाही आला."

"तुम्ही करा."

"मुलीकडच्यांनी आधी फोन करायचा नसतो."

पहिल्या दिवशी मयूरी हे ऐकून नुसती आत गेली. दुसऱ्या दिवशी कपबश्या आपटल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी आवाजही आला नाही, कारण त्या तिने धुतल्याच नाहीत. तेव्हा मात्र रीत गेली नदीत म्हणून मी ओसरीवर जाऊन अमृतभाईंना फोन लावला. रिंग गेली. उचलला नाही. पुन्हा लावला. कट केला.

आत येऊन मी चहा मागितला. पण मयूरीने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू द्या पप्पा. नसेल पटलं त्यांना." आणि गोठ्यात निघून गेली. शेण काढायला आमच्याकडे माणूस आहे. तरी गेली.

याच दिवसांत मोटरनेही रंग दाखवायला सुरुवात केली. उसाला पाणी द्यायचं म्हणून मी घरून मोटरचा नंबर लावला, तर कंपनीची बाई म्हणते, "आपण संपर्क करू इच्छिता ते ग्राहक सध्या व्यस्त आहेत."

मोटर व्यस्त? मी परत लावला. व्यस्त. दुपारी लावला, व्यस्त. संध्याकाळी लावला, व्यस्त. एवढा वेळ तर बाया माहेरी फोन करतानाही बोलत नाहीत. स्वतःच्या फोनवरून स्वतःलाच फोन लावला की तो बिझीच लागणार, हे आज लहान लेकरूही सांगेल. पण मला वाटत होतं मी मोटरला लावतोय.

"कुणाशी बोलत असेल ती?" मी प्रमिलाबाईला विचारलं.

"कोण?"

"मोटर."

तिने माझ्याकडे, माझी तब्येत बरी आहे का अशा नजरेने बघितलं. मग म्हणाली, "बरं आठवलं. परवा तुम्ही शहाद्याच्या बाजारात होतात ना, तेव्हा मला मोटरचे फोन येत होते."

"मोटरचे? तुला?"

"नाव येत होतं ना स्क्रीनवर. मोटर, मोटर."

"मग काय म्हणाली?"

"मी उचललाच नाही. मोटरशी काय बोलायचं?"

मी त्या दिवशी बाजारातून, साखर किती आणू ते विचारायला, तिला चार-पाच फोन लावले होते. इथे शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडला असता. पण मी हिशेबी आहे म्हणालो, शहाणा आहे असं कुठे म्हटलं? मी हिशेब केला तो असा: मोटरचा नंबर कुणीतरी सतत लावतंय, म्हणून तो बिझी लागतो. आणि असा पाण्यावर डोळा असणारा माणूस एकच. हेमकांत.

हेमकांतचं शेत माझ्या बांधाला लागून. माणूस वाईट नाही, पण माझ्या उसाची उंची तो माझ्याहून आधी मोजतो. मी नदीवर गेलो तर मोटर खरोखर चालू! मी लावली नव्हती. हाताने बंद केली. दुसऱ्या दिवशी गेलो, पुन्हा चालू. आता खरं काय होत होतं ते सांगतो. केळीचा व्यापारी मला फोन करी, मोटर सुरू. कर्जवाली पोरगी फोन करी, मोटर बंद. विमावाला करी, मोटर सुरू. सोसायटीचा सेक्रेटरी करी, मोटर बंद. मला फोन करणाऱ्या सगळ्या जगाने मिळून माझ्या उसाला पाणी द्यायला घेतलं होतं.

आणि एका सकाळी विमावाल्यानंतर कुणाचाच फोन आला नाही.

मी ओसरीवर दाढी करत होतो. हेमकांत गुडघ्यापर्यंत लाल चिखलात माखून अंगणात आला. दोन्ही हातांत भिजलेल्या मिरच्या. त्यातून गळणारं पाणी असं लाल, की प्रमिलाबाईला वाटलं हात कापला, ती हळद आणायला पळाली.

"लोटनभाऊ, तुन्ही मोटर मन्ही मिरची बुडाई दिनी."

आमच्या भागात थंडीत मिरची वाळत घालतात. हेमकांतने यंदाची सगळी मिरची बांधालगतच्या खळ्यावर पसरली होती. माझा ऊस पोटभर पाणी प्याला होता आणि उरलेलं त्याने हेमकांतच्या खळ्यावर सोडलं होतं.

मी साबणाच्या तोंडाने म्हटलं, "वा रे वा. मोटर तूच चालू करायची आणि बोंबही तूच मारायची."

"मी? मन्ही मिरची मी वाळाले टाकेल व्हती, भिजाले नही. मी कसाले चालू करसू?"

"मग कोण करतं? मी तर घरात आहे."

"तू घर बठेल शे, नि मोटर नदीवर चालू व्हती, मी बंद करी उनू. कोन चालू करस मंग? भूत?"

"हे बघ हेमकांत, मोटर माझी आहे. मी ती कुणाला दिलेली नाही, देणार नाही, आणि मोटरवर डोळा ठेवून कुणी माझ्या दारात यायचं नाही."

हे शेवटचं वाक्य मी जरा चढ्या आवाजात बोललो. बोलून वर बघतो तर फाटकात अमृतभाई उभे.

हातात पिशवी, पायांवर एसटीची धूळ. सुरतेहून गाडीने नंदुरबार, तिथून बस. चेहरा असा, की वाढायला आलेल्या माणसाने हात मागे घ्यावा.

इथे एक गोष्ट, जी मला नंतर कळली, ती तुम्हाला आधीच सांगतो. तुमचा गोंधळ नको, आमचा आम्हाला पुरे. आमच्याकडे मोटर म्हणजे पाण्याची मोटर. सुरतेत मोटर म्हणजे चारचाकी गाडी.

"लोटनभाई," अमृतभाई फाटकातूनच म्हणाले, "डोळा ठेवून मी आलेलो नाही."

माझा अर्धा गाल साबणाचा. मी तसाच उठलो. "या या, अमृतभाई, बसा. हे तुम्हाला नाही, हे याला."

"मी बसायला आलो नाही. सांगायला आलोय. मोटरचा विषय आम्ही काढलाच नव्हता. नारळ आणि मुलगी म्हटलं होतं मी. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं ना."

"मग फोन केल्या केल्या मोटर, मोटर काय? होकार कळवायला पहिला फोन केला, तर मोटर सुरू झाली आहे. बरं म्हटलं, मुलीचा बाप हौसेने देतोय, पण आपल्याला नको, हे सांगायला परत फोन केला, तर मोटर बंद झाली आहे! अरे, आम्ही मागितली कुठे, तर तुम्ही बंद करताय?"

माझ्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. मी वस्तरा खाली ठेवला. "म्हणजे अमृतभाई, मोटर सुरू-बंद तुम्ही करत होतात?"

"मी?"

"सुरतेहून?"

"मी कशाला करू? तुम्हीच सकाळी देता, दुपारी काढून घेता."

हेमकांत एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. हातातली मिरची गळत होती. "आते सुरतनासुद्धा मन्हावर टपेल शेत का?" तो म्हणाला.

"अमृतभाई," मी हात जोडले, एका हाताला साबण, "तुम्हाला मोटरीत एवढी गोडी असेल तर घेऊन जा. पाच एचपीची आहे."

"पाच?"

"जुनी आहे. दोनदा जळली होती."

"जळलेली मोटर?"

"नवी तार भरून घेतली ना. आणि सध्या नदीत आहे."

अमृतभाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. खूप शांतपणे ठेवली. "जळलेली आणि नदीत पडलेली मोटर," ते म्हणाले, "तुम्ही माझ्या मुलाला देणार. आणि ती देण्याबद्दल पण धन्यवाद म्हणायला लावता घरच्या बाईला. एवढं तुटक बोलणं मी बाईमाणसाचं ऐकलं नाही. एकदा तर म्हणाली, वीज नाही, आणि ठेवला फोन."

प्रमिलाबाई हळदीची वाटी घेऊन दारात उभी होती. "मी?" ती म्हणाली.

"आवाज बाईचा होता, बेन. तुम्ही त्या दिवशी तीनच शब्द बोललात, मला वाटलं तुम्हीच."

"मी तीन शब्द बोलले ते यांनी सांगितलं होतं म्हणून. एरवी हे घर माझ्या बोलण्यावर चालतं. आणि मी फोन ठेवताना धन्यवाद म्हणत नाही कुणाला. आजवर म्हटलं नाही."

याला गावात कुणीही साक्ष देईल. अमृतभाईंनाही ते चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं. त्यांनी खिशातून फोन काढला. "मग सांगा, कोण बोलतं ते. तुमच्यासमोर लावतो. हा तुमचाच नंबर ना?"

मी वाकून बघितला. माझाच. त्यांनी स्पीकर लावला. रिंग वाजू लागली. माझा फोन माझ्या हातात होता. तो मेल्यासारखा गप्प. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो आणि तो आमच्याकडे.

मग अमृतभाईंच्या फोनमधून ती बाई स्पष्ट, गोड आवाजात म्हणाली, "मोटर सुरू झाली आहे. धन्यवाद."

तेवढ्यात हेमकांतच्या खिशात फोन वाजला. त्याने मिरच्या एका हातात घेऊन तो उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडे वळला. "खळावरतून फोन शे," तो म्हणाला. "पानी परत उनं."

"लावा, लावा, परत लावा," मी अमृतभाईंना म्हटलं.

"कशाला?"

"बंद करायला. लावा हो लवकर."

त्यांनी लावला. "मोटर बंद झाली आहे. धन्यवाद." अमृतभाईंनी फोन कानापासून दूर धरला, त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सुरतेचा माणूस, दलालीतला. हिशेब लागायला त्याला वेळ लागला नाही. "पाण्याची मोटर?" ते म्हणाले.

"दुसरी कुठली असते?"

त्यांनी सांगितलं, दुसरी कुठली असते. मग मयूरी बाहेर आली, माझ्या हातातून फोन घेतला, प्रमिलाबाईच्या फोनवर एक रिंग दिली आणि तिची स्क्रीन माझ्यासमोर धरली. त्यावर नाव होतं, 'मोटर'.

"पप्पा, पाकिटावर काय लिहिलं होतं तुम्ही?"

"मो."

"मो. म्हणजे?"

गालावरचा साबण वाळून ताणत होता, तो पुसायला मी आत गेलो. आतून मला अमृतभाईंचं हसणं ऐकू आलं. आधी दाबलेलं, मग खोकल्यासारखं, मग मोकळं. हेमकांतही हसत होता, पण मिरची आठवली की थांबत होता.

मी बाहेर आलो तेव्हा ते खाटेवर बसले होते आणि मयूरी चहा देत होती. चहा देताना कपबशी अजिबात वाजली नाही.

"तुम्ही मला फोन केला होता म्हणे," अमृतभाई म्हणाले, "तो नवा नंबर बघून मला वाटलं, कर्जवाले. मी कट केला."

"बरोबर केलंत. मीही तेच केलं असतं."

"बरं, मग ऐका. मुलगी आम्हाला पसंत आहे. पहिल्याच दिवशी होती. मुलगा तर रोज विचारतो, फोन झाला का, फोन झाला का. आम्हाला काही नको." एवढं बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला. अंगणाच्या कोपऱ्याकडे बघितलं. "नकोच. पण आता विषय निघालाच आहे मोटरचा, तर..."

मी माणसं वाचतो. हा 'तर' मी बाजारात फार ऐकला आहे. 'तर'च्या पुढे काय येतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यापुढे मी काय बोलणार ते मलाच ठाऊक नव्हतं. प्रमिलाबाईने हळदीची वाटी खाली ठेवली.

"मोटर ना?" मयूरी म्हणाली. ट्रे तिच्या हातात होता, आवाज अगदी त्या पेटीतल्या बाईसारखा. "पप्पांचा नंबर आहेच तुमच्याकडे, काका. हवी तेव्हा मिस कॉल द्या. सुरू होते."

मग हेमकांतला असं हसू फुटलं, की त्याच्या हातातल्या सगळ्या मिरच्या अंगणात पडल्या. अमृतभाईंनी कपाळावर हात मारला, आणि कानापर्यंत लाल झाले. "गेलं बेटा, गेलं," ते म्हणाले. "तोंडातून गेलं. दलालीची सवय. नारळ आणि मुलगी. तिसरं काही काढलं तर तू मला उसात उभं कर आणि फोन लाव."

"लाइट बघून लावीन," मयूरी म्हणाली.

मग ते जेवले. हेमकांतही जेवला, कारण त्याची मिरची परत वाळेपर्यंत माझ्या घरी तो पाहुणा आहे असं प्रमिलाबाईने जाहीर केलं, आणि तिचं जाहीर केलेलं मागे घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही. मी नदीवर जाऊन कार्डं अदलाबदल करून आलो. येईपर्यंत माझ्या फोनमध्ये इतक्या दिवसांचे धूसर गुलाब येऊन पडले.

निघताना अमृतभाईंनी फोन काढला. "लोटनभाई, पुढचं सगळं बोलायला एक नंबर द्या. माणूस उचलेल असा."

"माझा आहेच की. आता बरोबर लागेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मोठ्या प्रेमाने, आणि प्रमिलाबाईकडे वळले. "बेन, तुमचा द्या."

तिने दिला. तेव्हापासून सगळी बोलणी तिच्याच फोनवर होतात, स्वयंपाकघरात, दार अर्धं लावून. मी विचारलं की ती म्हणते, "ठरलं की सांगीन." साखरपुड्याची तारीख मला हेमकांतकडून कळली.